दाबून धरायचं बटण

अ‍ॅप वापरताना माणसाला आनंद कशामुळे होतो, हे सांगायला मला हल्ली कॉलेजांत बोलावतात. मी रंगांबद्दल बोलते, मोकळ्या जागेबद्दल बोलते, अंगठा स्क्रीनवर कुठवर पोचतो ते हात वर करून दाखवते. पोरं लिहून घेतात. खरं उत्तर मी देत नाही. मी आजवर केलेलं सगळ्यात गोड बटण मी डूख धरून केलंय, आणि त्याची मला काडीचीही लाज वाटत नाही.

माझं गाव शिरड शहापूरच्या जवळचं. वडील गेल्यापासून आमचं रान आई एकटी बघते. हळद, थोडं सोयाबीन, बांधाला तूर. विहीर रानाच्या पार टोकाला, नाल्याच्या पलीकडे. शेतीची लाईट कधी सकाळी येते तर कधी भर दुपारी, आणि आली की आईने हातातलं काम टाकून विहिरीची वाट धरायची. तिचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. मी पुण्यात ज्या कंपनीत स्क्रीन आखायचं काम करायचे, तिथे घरबसल्या मोटर चालू करायचं अ‍ॅप बनत होतं. मोटरच्या पेटीत एक यंत्र बसवायचं आणि फोनवर बटण दाबायचं. बाकीच्यांसाठी तो एक प्रोजेक्ट होता. माझ्यासाठी ती आईची नाल्यातली वाट होती.

आता त्या पेटीबद्दल सांगते. विहिरीवर लाकडी खांबाला ती पत्र्याची पेटी ठोकलेली असते, तिला एक हिरवं बटण आणि एक लाल. आमच्या पेटीचं हिरवं बटण नुसतं दाबून भागत नाही, अंगठ्याने रेटून धरावं लागतं. आधी पेटी घरघरते, हाताला थरथर लागते, मग मोटर उचलते आणि आवाज सरळ होतो. तेव्हा अंगठा काढायचा. त्याआधी काढला तर मोटर घुं करून बसते. वडिलांनी आईला हे लग्नानंतर शिकवलं होतं. बटण धरलं की आई मान कलती करते आणि ऐकत राहते. तेवढा वेळ तिच्याशी कुणी बोलायचं नसतं.

अ‍ॅपची पहिली स्क्रीन आमच्या डिझाईनच्या साहेबांनी आखली. विहीर त्यांनी फोटोत पाहिलेली. स्क्रीन दिसायला देखणी होती, खोटं कशाला बोलू. मधोमध हिरवा गोल. त्याला हलकी टिचकी मारली की मोटर चालू. आणि दाबून धरला तर विचारणार, ही मोटर काढून टाकायची का. काढून टाकणं चुकून होऊ नये म्हणून साहेबांनी ते दाबून धरण्यामागे लपवलं होतं. मी म्हटलं, आमच्याकडे कुणी बटणाला टिचकी मारत नाही. ते म्हणाले, मग तुझ्या आईलाच वापरायला देऊन बघू.

आमच्या पेटीत यंत्र बसवलं आणि आईला अ‍ॅप घातलेला नवा फोन दिला. शेजारच्या काकूंनी आपल्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला आणि आईच्या हातावर धरला. इकडे मीटिंगच्या खोलीत भिंतीवर आईचा हात एवढा मोठा दिसत होता, हळदीने पिवळा, नखं तुटलेली. आईने हिरव्या गोलावर अंगठा ठेवला आणि धरला. मान कलती केली असणार, मला माहीत आहे. पेटी घरघरली नाही. स्क्रीनवर काहीतरी विचारलं गेलं, ते तिने वाचलं नाही, तेही दाबून धरलं. मोटर अ‍ॅपमधून गेली.

साहेब खो खो हसले. "आजी, बटण आहे ते. कुणाचे पाय नाहीत, दाबत बसायला." खोलीतले सगळे हसले. कॉल साहेबांच्या लॅपटॉपवर होता आणि आवाज चालूच होता. आईने सगळं ऐकलं. ती फक्त म्हणाली, "ठेवते बाई." भिंत काळी झाली. मी भडकून बोलले तर साहेब म्हणाले, अगं, गंमत केली, आजी किती गोड आहेत.

आईने तो फोन धुतल्या फडक्यात गुंडाळून लोखंडी पेटीत लुगड्यांखाली ठेवला. पुन्हा जुना बटणांचा फोन वापरायला लागली. मी कितीदा विनवलं. ती म्हणायची, "काहून मागं लागलीस? लोकायला हसाया म्या काय रिकामी बसून राहिले का?" आणि लाईट आली की विहिरीकडे निघायची. त्या पावसाळ्यात ती नाल्यातल्या शेवाळलेल्या दगडावरून घसरली. मनगट वांग्याएवढं सुजलं. मी गावी जाऊन तिला भाकरी मोडून भरवत होते आणि डोळ्यांपुढे साहेबांचे दात दिसत होते.

त्या दिवशी मी ठरवलं की याचं उट्टं काढायचं. नोकरी सोडून ते निघत नाही. राजीनाम्याने साहेबांना एक दुपार वाईट वाटलं असतं, एवढंच.

मी ती स्क्रीन मागून घेतली. साहेबांना मोठं काम मिळालं होतं, त्यांनी आनंदाने दिली. मी गावी जाऊन विहिरीवरच्या पेटीवर हात ठेवून बसायचे. फोनला थरथरता येतं, ते मी पेटीसारखं करून घेतलं. अंगठा ठेवला की आधी खडबडीत घरघर, मग जरा दाट, मग मोटर उचलल्यावर एकदम मऊ. गोलाच्या कडेने पाणी चढत जातं आणि कड पुरी झाली की हाताला एक हलका ठोका. अंगठा आधी सुटला तर अ‍ॅप रागावत नाही, लाल होत नाही, पाणी खाली उतरतं आणि बटण पुन्हा तुमची वाट बघत बसतं. काढून टाकणं मी इतकं आत नेऊन ठेवलं की शोधणाऱ्यालाच सापडावं. आणि टिचकी मारली तर काहीच होत नाही. काही म्हणजे काहीच नाही. ते मी साहेबांसाठी ठेवलं होतं.

दुसऱ्याने केलेली स्क्रीन साहेब उघडून बघत नाहीत, हे मला ठाऊक होतं. कंपनीच्या मालकांना ती आवडली. मीच सुचवलं की सुरुवात माझ्या गावात करू या, आणि बटण साहेबांनीच दाबावं, त्यांचा मान आहे. साहेब खूश झाले. मी तर त्यांच्यासाठी हारसुद्धा आणवला.

कार्यक्रम विहारापुढच्या ओट्यावर झाला. समोरच हळदीचं रान, त्यात आमच्या विहिरीचा पाइप आणून सोडलेला. आईला मी हट्टाने पुढे बसवलं होतं, पण साहेब कोण ते सांगितलं नव्हतं. साहेबांनी भाषण केलं, फोन सगळ्यांना दिसेल असा धरला आणि ऐटीत टिचकी मारली. पाइप कोरडा. पुन्हा मारली. मग टकटक टकटक. कपाळावर घाम आला. नेटवर्कची तकलीफ दिसते, म्हणाले. मागून कुणीतरी म्हणालं, रेंज तर पुरी हाय. मी हाताची घडी घालून बसले होते. इतकं सुख मला पहिल्या पगाराने दिलं नव्हतं.

आई उठली. साहेब बोलायला लागले तेव्हाच तिने आवाज ओळखला होता, हे मला नंतर कळलं. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "दाबून धरा साहेब. कुणाचे पाय हायेत असं समजा."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी अंगठा ठेवला. फोन घरघरला असणार, कारण ते दचकले. पाइपातून आधी हवा, मग पाणी धो धो आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब अंगठा काढायला लागले तर आई म्हणाली, "अजून." पाणी सरीत पसरलं. "अजून धरा. हालू नका." बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मोटर केव्हाच चालू झाली होती. आईला ते माझ्याहून चांगलं कळत होतं. साहेब भर उन्हात हार घालून, अंगठा टेकवून उभे होते, आणि आई मान कलती करून काहीतरी ऐकत असल्यासारखी थांबली होती. मग म्हणाली, "सोडा आता." मला वाटलं होतं सूड मी घेतेय.

घरी आल्यावर आईने लुगड्यांखालचा फोन काढून माझ्यापुढे ठेवला आणि चार्जिंगला लाव म्हणाली. मी रात्रीच त्यात नवी स्क्रीन घातली आणि आमची मोटर पुन्हा जोडली. सकाळी लाईट आली तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. उठली नाही. हात पुसून फोन घेतला आणि हिरव्या गोलावर अंगठा ठेवला. कड पुरी झाली, तरी तिने अंगठा काढला नाही.

मी म्हटलं, "आई, उचलली मोटर. सोड आता."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "पण असं धरून ठेवलं की तो साहेब हार घालून उन्हात उभा दिसते मला."