पुस्तकातलं ‘आपण’

अमळनेरच्या यास्मिनचं माहेर धुळ्याचं. वडील नासीरभाई पॉवरलूमवर कामाला. घरात हिंदी बोलत, पण जवळची शाळा मराठी, म्हणून ती तिथेच गेली. सातवीच्या गणितात तिने वाचलं, ‘आता आपण एक वर्तुळ काढू.’ घरी ‘आप’ फक्त मोठ्यांना म्हणत. मला सगळे ‘तू’ म्हणतात आणि हे पुस्तक एवढ्या मानाने बोलतं, याचं तिला भारी अप्रूप वाटलं. गणिताच्या लताबाईंना तिने तसं सांगितलंही. बाई हसल्या नाहीत.

“इथे ‘आपण’ म्हणजे तू आणि पुस्तक लिहिणारा, दोघं,” त्या म्हणाल्या. “तोही तुझ्याबरोबर वर्तुळ काढतोय, असं समज.”

तेव्हापासून गणितं सोडवताना तिला एकटं वाटेना. पुस्तकात ‘हे उघड आहे’ असं आलं, की ती त्या न पाहिलेल्या माणसाशी भांडायची, मला कुठे उघड दिसतंय? मग मधल्या पायऱ्या स्वतः लिहून काढायची.

दहावी झाली आणि आईने अंथरूण धरलं. शिक्षण तिथेच थांबलं. पुढे लग्न होऊन ती अमळनेरला आली. नवरा आवेज मोटारसायकली दुरुस्त करतो, स्वभावाने शांत. यास्मिन ब्लाउज शिवते. कापडावर गळ्याची गोलाई आखताना कधीकधी तिचा हात थांबायचा आणि उगाच कुणाची तरी वाट पाहिल्यासारखं व्हायचं.

मुलगी सायमा सातवीत गेली, तेव्हा तिच्या शिकवणीतलं गाइड यास्मिनने हौसेने उघडलं. सूत्र लिहा. किंमत घाला. उत्तर काढा. पानामागून पान नुसते हुकूम. त्यात बोलणारं कुणी नव्हतंच. माहेरी गेल्यावर तिने जुन्या पुस्तकाची चौकशी केली. अभ्यासक्रम केव्हाच बदलला होता. रद्दीच्या दुकानांतही ते मिळालं नाही. लताबाई निवृत्त होऊन मुलाकडे नाशिकला गेल्या होत्या.

घरी आल्यावर ती आवेजला म्हणाली, “मला बारावीला बसायचंय. गणित घेऊन.”

त्याने विचारपूस केली. सायन्सला बाहेरून बसता येणार नाही, असं कळलं. कॉमर्सला मात्र गणित घेता येत होतं. तिने कॉमर्स घेतलं.

पुस्तकं आली त्या दुपारी तिने शिलाई मशीन झाकून ठेवलं. संध्याकाळी आवेज घरी आला, तेव्हा ती अजून पहिल्याच धड्यावर होती, पुस्तकाने गाळलेल्या मधल्या पायऱ्या वहीत लिहीत. कसं आहे, त्याने विचारलं.

“कळत नाही अजून,” ती म्हणाली. “पण उठावंसंही वाटत नाही.”