रेशनकार्डावरचं नाव

कोराडीच्या कॉलनीतून मी निघाले त्या सकाळी बाबा रेशनच्या दुकानातून तडक बसस्टॉपवर आले. कार्ड खिशात तसंच. शेजारचे काका सहज म्हणाले, पोरगी विलायतेला चालली, आता तिचं नाव कार्डावरून कापावं लागेल. बाबा असे भडकले! "काहून कापाचं? ते का मेली हाय?" माय माझ्या सुटकेसवरची राख पदरानं पुसत होती. वीजकेंद्राची राख ती, वाळत घातलेल्या कपड्यांपासून ताटातल्या भातापर्यंत सगळीकडे बसायची. मला रडू फुटलं तर बाबा माझ्यावरच ओरडले, "काहून रडून राहिली वं? आपल्या लोकाइतून पहिली चालली तू. लोक पाहून राहिले." लोक खरंच पाहत होते. अख्खी वस्ती हार घेऊन आली होती.

कार्डावर चार नावं होती: बाबा, माय, मी आणि धाकटा मिलिंद.

इंग्लंडात मला तत्त्वज्ञानात पीएच.डी. करायची होती, आणि विषय असा की मायला सांगताना माझी त्रेधा उडायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गणिताचा पाया शोधणाऱ्या तर्कशास्त्रज्ञांत एक भांडण लागलं होतं. तीन माणसं आहेत, ठीक. पण त्या तिघांचा मिळून जो वर्ग म्हणतात, तो त्या तिघांहून वेगळा असा काही असतो का? काही म्हणाले, असतो. त्याशिवाय संख्या म्हणजे काय तेच सांगता येत नाही. मग एकानं विचारलं, जे वर्ग स्वतःचे सभासद नाहीत, त्या सगळ्यांचा वर्ग स्वतःचा सभासद आहे का? हो म्हणावं तर नाही होतं, नाही म्हणावं तर हो होतं. झालं, सगळं मुसळ केरात! तेव्हा काही जण म्हणू लागले, वर्ग नसतातच, ती नुसती बोलायची सोय आहे. मी त्यांच्या बाजूनं लिहायला बसले.

खोटं कशाला बोलू, त्यात माझा राग होता. दुसऱ्याच हिवाळ्यात मला परत यायचं होतं. खोली, लायब्ररी, पुन्हा खोली. कुणाशी बोलायचं तर हवामानावर. बाबांना मी एरोग्राम लिहिला, मले वापस येऊ द्या. उत्तर आलं, "पदवी घेतल्याबिगर येऊ नको. आपल्या लोकाइले मी का तोंड दाखवू?" संपलं. एखादा माणूस मानगुटीवर बसला असता तर त्याला झटकून टाकलं असतं. 'आपले लोक' कसे झटकणार? त्यांना धरायला ना मान ना पाय. असा समूह म्हणून काही नसतोच, हे मी पानांमागून पानं भरून सिद्ध करत होते, आणि त्याच समूहाच्या धाकानं त्या खोलीत कोंडून पडले होते.

बाबांना एकदा विषय सोपा करून कळवला: घरात आपण चौघं आहोत, 'घर' म्हणून पाचवं कुणी नाही. त्यांचं उत्तर अजून माझ्याकडे आहे. "तू म्हणते घर नाही. मंग आम्ही तिघंच इथं, तरी कार्डावर चार कसे? तुह्या वाट्याची साखर मी कधी उचलली नाही, पण नावबी कापू देल्लं नाही." मी हसले होते. मोठी शहाणी ना! उलट लिहिलं की कागदावर नाव असलं म्हणून वस्तू असते असं नाही.

पदवी मिळाली तेव्हा ती बघायला बाबा राहिले नव्हते. मला इथेच नोकरी लागली, म्हणजे शिक्षा वाढली. कॉलनीतलं क्वार्टर सुटलं. मिलिंदनं लग्न करून शहरात जरीपटका भागात खोल्या घेतल्या, स्वतःचं कार्ड काढलं. माय त्याच्याकडे राहायला गेली, पण त्याच्या कार्डावर काही गेली नाही. "माह्यं कार्ड हाय, माह्या पोरीचं नाव हाय त्याच्यात," म्हणायची.

मागच्या महिन्यात माय गेली. मिलिंद तिचं नाव कापायला रेशन ऑफिसात गेला, तर बाबू म्हणाला, "हे कार्ड बंद नाही होत गा. अजून एक माणूस हाय याच्यावर." मिलिंदनं माझं नाव कापायचा कोरा अर्ज धाडलाय. "ताई, सही करून पाठव. मी जमा करून टाकतो."

तीन आठवडे तो अर्ज टेबलावर पडून आहे. माझ्या प्रबंधात एक प्रकरण आहे. वर्ग म्हणजे नुसते त्याचे सभासद असतील, तर एका सभासदाचा वर्ग म्हणजे तो सभासदच. तोही गेला की मागे रिकामा वर्गसुद्धा उरत नाही, काहीच उरत नाही. परीक्षकांनी त्या प्रकरणाची फार तारीफ केली होती. आता सही केली की ते आमच्या घराच्या बाबतीत खरं होणार. नाही केली, तर आमच्या घरात एकच माणूस उरलंय आणि ते इथे परक्या गावात, बंद खिडकीशी बसलंय. बाहेर गेलेल्या तुम्हा सगळ्यांना ही कोंडी ठाऊक असेल. मला जीव घुसमटेपर्यंत ठाऊक आहे.

मिलिंद, रागावू नको. मी सही करत नाही. बाबूनं विचारलं, तर बाबांसारखाच आवाज चढवून सांग: काहून कापाचं? ते का मेली हाय?