अर्ध्या तासाचा फरक

तेराव्याची जेवणं उरकली, पाहुणे पांगले. साताऱ्याच्या घरात भरदुपारी मी नानांच्या कॉटवर आडवी होते. माझ्या मनगटावरच्या घड्याळात अजून सॅन फ्रान्सिस्कोची वेळ आहे. बदलायला हात धजत नाही. भिंतीवरचं घड्याळ त्याच्या अर्धा तास पुढे चाललंय.

माझे वडील, नाना, भूगोलाचे मास्तर. येईल-जाईल त्याला सांगायचे, "आमच्या वैजूच्या न् आमच्या घड्याळात अर्ध्याच तासाचा फरक." आपला दिवस म्हणजे तिकडची रात्र, हे मात्र गाळायचे. ते गेले तेव्हा मी भावाला फोनवर म्हटलं, "सोमवारी सकाळी दहाला विमान सुटतं, मुंबईला सतरा तास लागतात." उदयनं त्यात नानांचा अर्धा तास मिळवला आणि मंगळवारी सकाळपासून सगळे माझी वाट बघत बसले. मुंबईहून गाडीनं मी घरी पोहोचले रात्री नऊला. दुपारीच सगळं आटोपलं होतं.

डोळा लागतो न लागतो तोच कॉटशेजारी विमानाची खिडकी येते. बाजूच्या सीटवर नाना आहेत, शाळेचा कोट घालून. मांडीवर पृथ्वीचा गोल, हातात शिवणाचा दोरा.

"हे टोक सॅन फ्रान्सिस्कोवर धर."

मी धरते. दोरा समुद्रावरून आडवा जाईल असं वाटतं, पण तो वर बर्फाकडे चढतो आणि पलीकडून मुंबईत उतरतो.

"ताणला की जवळची वाट दिसते," नाना म्हणतात. "साडेतेरा हजार किलोमीटर."

"ही जवळची?"

"याहून जवळची नाही गं."

सीटांमधली वाट लांबत जाते. तिच्या टोकाला नानांचा सातवीचा वर्ग आहे. बाकांवर आमची भावकी बसली आहे, आणि उदय दारातून रस्त्याकडे बघतोय. मला रडू फुटतं.

"नाना, कुठली वेळ ते मी सांगितलंच नाही. तुमच्या तोंडात पाणीसुद्धा घातलं नाही."

"तू नाही चुकलीस. तो पण नाही. मधले बारा तास मीच खाल्ले. जन्मभर पोरांना शिकवलं, घरात एकदा धड सांगितलं नाही."

"का?"

नाना फळा पुसत राहतात. "पुरतं सांगितलं असतं तर तू फार लांब वाटली असतीस."

माझ्या हातात विमानातला कागदी पेला आहे. मी तो त्यांच्या ओठांना लावते. ते घोटभर पितात, मिशी पुसतात आणि माझं मनगट हातात घेतात. त्यांची बोटं खडूनं कोरडी झालेली आहेत.

"आता इथली वेळ लाव," म्हणतात.

जाग येते ती कपबशीच्या आवाजानं. उदय चहा ठेवून मागे वळतो. मी आल्यापासून त्यानं माझ्याकडे नीट बघितलेलं नाही.

"उदय, थांब जरा."

भिंतीवर सव्वाचार झालेत. मी मनगट त्याच्यापुढे धरते. माझ्याही घड्याळात सव्वाचार झालेत.