कांताकाकूंचं शांत पाळणाघर

कोपरला आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर कांताकाकूंचं पाळणाघर होतं. नवरा गेल्यावर काढलेलं. बावीस वर्षं घर त्यावरच चाललं. सेक्रेटरी त्र्यंबकरावांची एकच अट, दुपारी आवाज नको. आणि आवाज नसायचाच. एका खोलीत अकरा पोरं, आणि बाहेर ऐकू यायची फक्त पंख्याची घरघर. मी मुरबाडच्या शाळेत शिकलेलो. एवढी शांतता आमच्याकडे साहेब तपासणीला आल्यावरच असायची.

गुपित साधं होतं. पोर कुरकुरलं की काकू त्याचाच अंगठा हळूच त्याच्या तोंडात द्यायच्या. "देवानं दिलेली चोखणी आहे रे," मला म्हणायच्या, "हरवायची भीती नाही." आईबापांना हे दिसत नव्हतं असं नाही. "तुमच्याकडे किती गुणी राहतो हो!" म्हणून दिवाळीला काकूंना साडी यायची.

मग काकूंकडच्या तिसरीतल्या अपूर्वच्या शाळेत दातांची तपासणी झाली. वरचे दात पत्र्याच्या छपरासारखे पुढे आलेले. दात मिटले तरी मधे फट. संध्याकाळी त्याची आई सुमेधा काकूंच्या दारात उभी.

"काकू, आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडात अंगठा? डॉक्टर म्हणाले, आधी सवय सोडवा, मग तारेचं बघू."

"अगं, घरी टीव्हीसमोर कोण चोखू देतं त्याला?"

"घरचं सोडा. शाळा सुटल्यापासून तो तुमच्याकडेच असतो."

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी अपूर्वच्या हातात सोलायला मटार दिले. इतरांचेही अंगठे तोंडातून काढले, अगदी दीड वर्षांच्या पोराचासुद्धा. तान्ह्यांबद्दल डॉक्टर काहीच बोलले नव्हते. पण काकूंना आता कुणाचाच ठपका नको होता. दुपारी एकानं सूर लावला की बाकीचे मागून यायचे.

तिसऱ्या दिवशी त्र्यंबकराव खाली आले. "कांताबाई, बाजार भरवलाय का?"

"भाऊ, थोडे दिवस. सवय सुटतेय पोरांची."

"मग आमच्या झोपेचं काय?"

महिन्याभरात पाळणाघर बंद करायची सोसायटीची नोटीस आली: रहिवासी इमारतीत व्यवसाय चालतो. बावीस वर्षं तो कुणाला दिसला नव्हता. ऐकू आला तेव्हा दिसला.

शेवटच्या दिवशी सुमेधा धावत आली. "काकू, असं अचानक? मी अपूर्वला आता कुठे ठेवू?"

काकू पोरांच्या चटया गुंडाळत होत्या. साठीला टेकलेल्या बाईला मानपाड्याच्या एका कारखान्यात उभ्यानं खोकी भरायचं काम मिळालं होतं.

"अंगठा सुटला ना त्याचा?"

"हो, जवळजवळ."

"मग झालं," म्हणाल्या, आणि पुढची चटई ओढली.