ऊसतोडीला गेलेल्यांची नावं

नर्स मैत्रिणींनो, आज परभणीच्या मिटिंगमध्ये मी नुसती जळत बसले होते.

बीपी आटोक्यात असलेल्या पेशंटचं प्रमाण माझ्या उपकेंद्राचं सगळ्यात जास्त. आणि आरोग्य अधिकारी साहेबांनी टाळ्या वाजवल्या कुणासाठी? शेजारच्या गावच्या सुनीता सिस्टरसाठी! तिचा आकडा माझ्यापेक्षा कमी. चहाच्या वेळी टोचूनच विचारलं, "साहेबांवर काय जादू केलीस गं?"

ती हसली. "अगं, ऊसतोडीला गेलेल्यांची नावं मी यादीतून काढत न्हाई. जाताना गोळ्या देते, फोनवर इचारत राहते. काहींचा बीपी वाढलेलाच हाय, म्हणून आकडा कमी."

मी तर दसरा झाला की त्यांची नावं 'गाव सोडून गेले' म्हणून खोडते. मग आकडा लय छान दिसतो.

उपकेंद्रात परतल्यावर खोडलेल्यांतलं पहिलं नाव पाहिलं, मारुतीभाऊंचं. फोन लावला. बायकोनं उचलला.

"आता आठवण आली व्हय, सिस्टर? गोळ्या संपल्या अन् लकवा मारला की त्यांला. बोलता येईना."

सुनीतावर अजून जळतेच मी. मारुतीभाऊ तिच्या गावचे असते, तर आज फोन त्यांनीच उचलला असता. हो ना?