तव्यावरचा तुर्की पाव

दही घालून मळलेला मैदा कापडाखाली दुप्पट फुगला होता. तुर्की पद्धतीचा हा मऊ पाव तव्यावरच भाजतात. वास आला म्हणून समोरच्या काकू डोकावल्या. पहिल्या पावाचा तुकडा तोंडात टाकत म्हणाल्या, "बरं केलंस बाई. आता त्या बेकरीत जायलाच नको."

नाक्यावरच्या चाचांच्या बेकरीतून काही घेऊ नका, असं पत्रक काल कुणीतरी सगळ्यांच्या दारांखालून सरकवलं होतं. खाली नाव नव्हतं. सभा-मोर्च्यांची पत्रकं मीही लहानपणापासून वाटत आले, पण समोरच्याच्या डोळ्यांत बघून. निनावी कागदाची मला भीती वाटते. त्याहून मोठी भीती आत्ता वाटली. काकूंच्या त्या वाक्याने माझ्या ओट्यावरचा पाव मला न विचारताच त्या कागदाच्या बाजूचा होऊन बसला होता. मी गप्प राहिले, तर तो होकारच ठरणार होता. आणि बोलले, तर उद्या आमच्या दाराखालूनही कागद येईल.



"काकू, हा पाव मला बेकरीवाल्या चाचांनीच शिकवला. यीस्टही त्यांनीच दिलं."

काकूंचं चावणं थांबलं. त्यांनी घास गिळला नाही, थुंकलाही नाही. मी पुढचा पाव तव्यावर टाकला आणि उलथनं घट्ट धरलं.