रत्नाच्या नावाने आलेला नकार

"सर, गेटवर मोर्चा आलाय. बायका आहेत, टोपीवाले आहेत. सगळे रडताहेत."

कंट्रोल रूममधून फोन होता. मी घरात सतरंजीवर बसलो होतो. रत्ना, माझी बायको, जाऊन पाचवा दिवस होता. सुतकात मला फोन करायचा नाही, असं स्टाफला सांगून ठेवलेलं होतं. पण मोर्चा म्हटल्यावर त्यांचाही नाइलाज झाला असावा.

"घोषणा काय देताहेत?" मी विचारलं. नोकरीतला सवयीचा प्रश्न.

"घोषणा नाहीत सर. नुसतं रडताहेत. सुरात."

सुरात म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं. तो मोर्चा नव्हता. रत्नाच्या माहेरची माणसं दारावर आली होती.

मी फॅसिलिटी मॅनेजर आहे. मोठ्या इमारतीत लिफ्ट, पाणी, एसी, कचरा, गेट असं जे जे चालतं, ते चालू ठेवणं हे माझं काम. आमचं संकुल मुंबईतल्या एका नव्या आर्थिक वसाहतीत आहे. खाली बँकांची आणि फंडांची ऑफिसं, वर फ्लॅट. रात्री-बेरात्री हाताशी असावा म्हणून कंपनीने मॅनेजरला तेविसाव्या मजल्यावर घर दिलेलं आहे. राहायला जागा उत्तम. रस्ते रोज धुतात. कॉफी हव्या त्या प्रकारची मिळते, कोथिंबिरीची जुडी मात्र मोबाइलवरून मागवावी लागते. रविवारी तर सगळं इतकं सामसूम असतं, की रस्त्यावरचे सिग्नल उगाच रंग बदलत राहतात. रत्ना म्हणायची, "इथं कुणी कुणाचं दार वाजवत नाही. आधी फोन वाजतो."

ते खरंच होतं, आणि त्याला कारण व्हिजिटर सिस्टिम. पाहुणा गेटवर आला की गार्ड टॅबवर त्याचं नाव टाकतो. घरमालकाच्या मोबाइलवर विचारणा जाते. त्याने होकाराचं बटण दाबलं की पास निघतो. सिस्टिमच्या भाषेत घरमालक म्हणजे होस्ट. होस्टने बोलावल्याशिवाय इथं कुणी वर जात नाही.

आमच्या खानदेशात दारावर यायची रीत नेमकी याच्या उलट. मी पिंपळनेरचा, रत्ना असोद्याची. दोन्हीकडची बोली वेगळी, पण ही रीत एकच. मयताच्या घरी भेटायला येणारे कळवून येत नाहीत. एकेकटे येत नाहीत, गाडी भरून येतात. घर दिसू लागलं की बायका पदर तोंडावर ओढून हेल काढून रडू लागतात. घरचा माणूस त्यांना 'या' म्हणत नाही. निघताना तेही 'येतो' म्हणत नाहीत. दुःखाच्या घरी बोलावणं नसतं.

रत्नाच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली आणि ती हॉस्पिटलमध्येच गेली. तिचे भाऊ अंत्यविधीला पोचले. सासूबाई येऊ शकल्या नाहीत. आदल्याच दिवशी जळगावला त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. प्रवास नको, रडायचं तर मुळीच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लेकीचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. पाचव्या दिवशी मात्र त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. दोन क्रूझर जीपगाड्या भरून गाव निघालं.

मी चपला घालून लिफ्टमध्ये शिरलो. तेवढ्यात सोमणसाहेबांचा फोन आला. ते आमचे एस्टेट हेड, म्हणजे माझे बॉस.

"पाटील, हा काय प्रकार आहे? खालच्या बँकेने शटर ओढलंय!"

"साहेब, ते माझ्या सासरचे लोक आहेत."

"सगळे?"

"सगळे."

मग म्हणाले, "बरं. एकेकाचा पास काढायला सांगा. गर्दी नको."

खाली पोचलो तेव्हा रडणं थांबलेलं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. दारावर आलेल्या बायका वाटेत थांबत नसतात. गेटच्या दांड्यापलीकडे सगळी माणसं उभी होती. पुढे सासूबाई, डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा. पदर डोक्यावरून घसरलेला. आणि त्या हसत होत्या.

"जवाईबापू!" मला पाहून त्या ओरडल्या. "काहाले सांगलं आमाले असं? रत्ना आहे नं वर!"

रत्नाचे काका, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांनी सासूबाईंचं कोपर घट्ट धरलं होतं. ते माझ्याकडे बघत होते, पण माझ्या डोळ्यांत बघत नव्हते. गार्डने टॅब माझ्याकडे वळवला. वर रत्नाचं नाव. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: होस्टने भेट नाकारली.

"सर, मैंने तो जो लिखा है वही बोला," गार्ड म्हणाला. "मॅडम ने मना किया है."

त्याची चूक नव्हती. एजन्सी गार्ड बदलत असते. हा त्याच सकाळी ड्युटीवर आलेला. घरात काय झालंय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रत्नाला हॉस्पिटलमधून परस्पर स्मशानात नेलं, त्यामुळे गेटवरच्या कुणी काही पाहिलंही नव्हतं. सिस्टिममध्ये आमच्या घराचा पहिला नंबर रत्नाचा होता, कारण मी दिवसभर बेसमेंटमध्ये असतो आणि तिथे रेंज नसते. विचारणा तिच्या मोबाइलवर गेली. मोबाइल बंद करून कपाटात ठेवलेला होता. ठरावीक वेळात उत्तर आलं नाही की सिस्टिम नकार नोंदवते. 'उत्तर नाही' असं दाखवत नाही. तसं दाखवलं तर घर रिकामं आहे हे परक्याला कळतं आणि ते चोराच्या फायद्याचं. रहिवाशांच्या कमिटीने हे मुद्दाम तसं मागून घेतलं होतं. कागदावर ते शहाणपणाचं होतं.

"रुसली असीन माह्यावर," सासूबाई मागच्या बायकांना सांगत होत्या. "उन्हाळ्यात ये म्हने, मी आली नही. म्हनून येऊ नका म्हने. म्हनू दे! पन नही म्हन्याले तं मानूस लागते नं!"

एक म्हातारी हळूच म्हणाली, "व माय, तसं नसते..."

"तू गप बैस. त्या पोऱ्याले इचार. त्यानं तिचं नाव घेतलं."

त्यांना लेक गेल्याचं घरच्यांनी सांगितलं होतं. पण मी सांगितलं नव्हतं. फोनवर मला ते बोलता आलं नव्हतं. आता दांड्याच्या एका बाजूला मी होतो, दुसऱ्या बाजूला त्या होत्या. आजूबाजूला गळ्यात कार्ड घातलेली ऑफिसची माणसं जेवणाच्या सुटीत थांबून बघत होती. नानांनी मान हलवली. म्हणजे, तुम्हीच सांगा.

"मामी," मी सासूबाईंना म्हणालो, "रत्ना गेली."

"मंग हे कोन बोललं?"

"कुणी नाही. मशीन."

त्यांनी चष्मा काढला. एक डोळा लाल होता, पाणी गळत होतं. त्या टॅबकडे बघत राहिल्या.

"मंग मशीन तिचं नाव काहाले घेते?"

मी इंजिनिअर आहे, सिस्टिम कशी चालते हे मला पाठ आहे. मी गार्डच्या हातातला टॅब घेतला आणि पालथा धरला.

सोमणसाहेबांचा पुन्हा फोन आला. पासचं काय झालं? मी म्हणालो, "साहेब, यांना एकेक करून सोडता येत नाही." आणि गार्डला फायर गेट उघडायला सांगितलं. आग लागली तर माणसं बाहेर काढायला हे गेट असतं. ते उघडलं की कार्ड लागत नाही, सगळ्यांना एकदम जाता येतं. गार्डने दोनदा विचारलं, "पक्का, सर?" मी हो म्हणालो. आमची माणसं त्या गेटमधून आत आली. बाहेर पडायच्या दारातून.

वर आल्यावर सासूबाई बसल्या नाहीत. स्वयंपाकघरात गेल्या. बाथरूमचं दार ढकलून पाहिलं. आतल्या खोलीत गेल्या, बाल्कनीत गेल्या. कुणी त्यांना अडवलं नाही. शेवटी त्यांनी कपाट उघडलं. रत्नाच्या साड्या बाजूला सारून मागे हात घातला. मग तिथेच खाली बसल्या आणि त्यांनी हेल काढला. सगळ्या बायका त्यांच्याभोवती बसल्या. काचेच्या त्या इमारतीत असा आवाज याआधी कुणी ऐकला नसेल. डॉक्टरांनी रडायचं नाही सांगितलं होतं, हे मला आठवत होतं. त्यांना थांबवायचं धाडस मात्र मला झालं नाही.

काही वेळाने माझा मोबाइल थरथरला. कुणा रहिवाशाने ॲपवर आवाजाची तक्रार टाकली होती. अशा तक्रारी मॅनेजरकडेच येतात. विषय: तेविसाव्या मजल्यावर गोंगाट. शेवटी विनंती: त्वरित लक्ष घालावे. मी लक्ष घातलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत मंडळी उठली. कुणी 'येतो' म्हटलं नाही. नाना दारात क्षणभर थांबले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. सासूबाईंच्या डोळ्याला त्या दिवसाने अपाय झाला नाही, असं नंतर जळगावहून कळलं. रत्नाबद्दल त्या पुन्हा कधी 'वर आहे' म्हणाल्या नाहीत. गेटवरच्या त्या घटकाभराबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही.

कामावर रुजू झालो तेव्हा टेबलावर अहवालाची मागणी होती.

"फायर गेट उघडलंत," सोमणसाहेब म्हणाले. "आग कुठे होती?"

मी सगळं सांगितलं. टॅबवरची अक्षरं, सासूबाईंचा प्रश्न. ते खुर्चीत मागे टेकले.

"माझी आईही गावाला असते," इतकंच म्हणाले.

सॉफ्टवेअरवाल्यांना बोलावलं. ते म्हणाले, नकार काढला तर चोराला सोयीचं होईल. मी म्हणालो, मग 'थांबा, आमचा माणूस वर विचारून येईल' असं दाखवा. घरमालकाचं नाव दाखवू नका. आता तसं दिसतं. पार्सलं पोचायला उशीर होतो. कमिटीच्या प्रत्येक बैठकीत त्यावर कुणीतरी कुरकुर करतं, आणि सोमणसाहेब पुढचा विषय घ्या म्हणतात.

आमच्या धंद्यात सुरक्षेसाठी थोडं खोटं बोलावं लागतं, हे मी अजूनही मानतो. ते कुणा माणसाच्या नावावर घालायचं नाही, एवढं मी नव्या लोकांना पहिल्याच दिवशी सांगतो. का, ते सांगत नाही.